घडीपलीकडची फांदी

गेल्या आठवड्यात गाडीवाल्याकडून फणसाचे गरे घेतले. इथं बंगळूरला जूनमध्ये रस्त्याच्या कडेला फणस फोडून बसतात आणि दहा-बारा गरे कागदात बांधून देतात. चार खाल्ले, बाकीचे ताटलीखाली झाकून ठेवले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर खोलीभर चिलटं. टेबलावर, कपाच्या कडेवर, खिडकीच्या गजावर. घरी असते तर आईनं पदरानं हाकलली असती आणि वर मला चार शब्द सुनावले असते. इथं सुनावणारं कुणी नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसून राहिले.

चिलट मारायला हात उचलला की ते आधीच उडालेलं असतं. हात दिसल्यापासून पंख उघडेपर्यंतची एक वाट त्याच्या डोक्यात असते. त्या वाटेचा थोडासा तुकडा मी डोळ्यांनी चालून आले आहे. हे मी कुणाला सांगायला जात नाही. सांगितलं की लोक आधी माझ्याकडे नीट बघतात, आणि मग विचारतात, शिक्षण काय? नववी. तीही पुरी नाही.

काम सांगायचं तर असं आहे. हे चिलट म्हणजे फळमाशी, तिचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. त्या दाण्याचे हजारो पातळ काप करतात, एकेका कापाचा फोटो काढतात. फोटो एकावर एक ठेवले की एकेका पेशीचा धागा वरून खालपर्यंत शोधत जाता येतं. बरंचसं संगणकच करतो. पण दोन धागे अंगाला अंग लावून गेले की तो फसतो आणि दोघांना एक समजतो. एखादा धागा फारच बारीक झाला की त्याला अर्ध्यात सोडून देतो. तिथं आमच्यासारखी माणसं लागतात. चिकटलेलं सोडवायचं, तुटलेलं जोडायचं. पेशी पुरी झाली की पडद्यावर एक झाड उभं राहतं. अशी सगळी झाडं मिळाली की कुठल्या झाडाची फांदी कुणाला टेकते ते कळतं, आणि माशीला वास कसा येतो, ती वळते कशी, घाबरते कशी, याचा नकाशा होतो. या कामाला लोक करिअर म्हणतात. मी अजून हा शब्द स्वतःबद्दल मोठ्यानं उच्चारलेला नाही.

फणसाचा वास आणि ही चिलटं आली की मला तीन वर्षांपूर्वीचा एक पावसाळा आठवतो. आमच्याकडे पावसाळा म्हणजे होड्या वर. मुरुडजवळच्या आमच्या कोळीवाड्यात जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात कुणी जात नाही. होड्या ओढून माडाखाली ठेवतात, वर झावळ्या नि प्लॅस्टिक. घरं एरवी रिकामी असतात, ती या दोन महिन्यांत पुरुषांनी भरून जातात. पुरुष झोपून झोपून कंटाळतात आणि बायकांच्या पायात येतात. आणि पडवीत जाळी येतात. खाऱ्या पाण्याचा, सुकल्या शेवाळाचा, कुजक्या कोळंबीचा वास येतो. तो वास या शहरात कुठंच नाही. इथं मासळीबाजारातही बर्फाचाच वास जास्त.

बाबांचा हात जाळं ओढताना चरखीत गेला त्या वर्षी मी शाळा सोडली. दुसऱ्या कुणी सोडवली असं म्हणता येणार नाही, मीच दप्तर माळ्यावर टाकलं. आईला मासळी विकायला जायचं, घरी जाळी पडलेली. मी सुई हातात घेतली. आईनं शिकवलं ते एकच: "सुटा टोक ठेवायचा न्हाय. आधी जोड, मंग बघ." भोक दिसलं की दोन्हीकडचे धागे हाताला लागतील तसे पकडायचे, गाठ मारायची, पुढं जायचं. सुटं टोक राहिलेलं जाळं कुणाच्या नजरेला पडलं तर त्या घरच्या बाईची लाज जाते. विचार करायला हात थांबवायचा नाही. बारा वर्षं मी हेच केलं. बोटांना ते इतकं कळलं की मी गप्पा मारत, टीव्ही बघत, रागावून, रडतसुद्धा जाळं शिवू शकत असे.

त्या पावसाळ्यात आई बोर्लीला, म्हणजे बोर्ली पंचतनच्या बाजारात, सुकी मासळी घेऊन बसायची. आगरदांड्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडायची, दिघीला उतरायचं, तिथून रिक्षा. मी सोबत जायची, आणि वेळ फुकट नको म्हणून जाळ्याचा एक तुकडा मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस चाळिशीच्या एक बाई सोडे घ्यायला आल्या आणि सोडे राहिले बाजूला, माझ्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

"डोळे दुखत नाहीत का गं?"

"दुखले तरी भोक काय स्वतःहून बुजत न्हाय," मी म्हणाले.

त्या नसीम मॅडम. बोर्लीच्याच. वडील कुवेतला होते, त्यांनी बांधलेल्या बंगल्यात आता मॅडमची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची खाला, एकटी राहायची. मॅडम इथं बंगळूरच्या संस्थेत माशीच्या मेंदूचा नकाशा करणाऱ्या गटाच्या प्रमुख. त्यांना एक करून बघायचं होतं: ज्यांचा हात नि नजर बारीक कामाला बसलेली आहे, पण शिक्षण नाही, अशा माणसांना हे काम शिकवता येईल का. त्यांनी आईला सगळं समजावलं. आईनं सोडे तोलले आणि म्हणाली, "माशीला मेंदू असतो?"

"असतो ना."

"मंग माझ्या नवऱ्याच्या डोक्यापेक्षा मोठा असंल. जा गो, बघून ये."

बंगल्याच्या वरच्या मजल्यावर पाच संगणक होते आणि खिडक्यांना जाड काळे पडदे. आम्ही पाच जण: जाळं शिवणाऱ्या आम्ही दोघी, भरतकाम करणारी एक, घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा, आणि ब्लाउज शिवणारी सलमा. सलमाचं मशीन माझ्या शेजारचं. ती माझ्याच वयाची, बोर्लीच्याच बाजारात तिचं शिलाईचं दुकान, गळ्यात टेप सदैव लटकलेली. संगणकापुढं बसतानाही ती टेप काढायची नाही. वाऱ्यापावसात वीज जायची तेव्हा पाचही संगणक एकेक करून विझायचे, आणि मग इतका वेळ बाहेर चाललेला पाऊस अचानक खोलीत आल्यासारखा ऐकू यायचा. अशा वेळी खाला खालून हाक मारायची. घावन आणि नारळाचा गोड रस. फेरीबोट बंद झाली तर मी तिथंच राहायची. खालाच्या पलंगाशेजारी चटई टाकून.

मी आयुष्यात तितकी आनंदात कधी नव्हते, आणि तितकी घाबरलेलीही. रोज वाटायचं, आज मॅडमना कळेल की हिला काही येत नाही. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी पाठ केली होती. बटण चुकलं तर मशीन बिघडेल म्हणून पहिले चार दिवस मी एकाच बोटानं काम केलं. मॅडम कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. पाठीमागं येऊन उभ्या राहायच्या, "बरोबर चाललंय," एवढं म्हणायच्या आणि पुढं जायच्या. त्या दोन शब्दांवर मी खाडी ओलांडून घरी जायची.

मेंदूचे काप करताना एका ठिकाणी काप दुमडला गेला होता. पडद्यावर तिथं काळा पट्टा दिसायचा. आम्ही त्याला घडी म्हणायचो. धागा घडीपर्यंत यायचा आणि काळ्यात बुडायचा. मॅडमचा नियम होता: पलीकडे जो धागा निघतो तो हाच, अशी खात्री असेल तरच जोडायचं. नसेल तर तिथंच थांबायचं, प्रश्नचिन्ह ठेवायचं. सलमा दर वेळी थांबायची. तिच्या झाडांना अर्ध्याच फांद्या, आणि टोकाटोकावर प्रश्नचिन्हं.

"माप घेतल्याशिवाय कात्री लावायची न्हाय," ती म्हणायची. "मला पलीकडचं दिसत न्हाय त न्हाय दिसत."

माझी एक पेशी होती. तिची जाड फांदी घडीत गेली. पलीकडे, समोरासमोर, तेवढ्याच जाडीचा धागा निघत होता. मी थांबले का? थांबले नाही. खोटं बोलत नाही, त्या क्षणी मला घडी दिसलीच नाही. मला भोक दिसलं. दोन्हीकडचे धागे दिसले आणि हातानं गाठ मारली.

"काळ्यात जोडू नको गो," शेजारून सलमा म्हणाली.

"जाडी सारखीच हाय."

"माझ्या नि तुझ्या बाहीचं मापपण सारखंच हाय. म्हणून तुझा ब्लाउज माझा झाला काय?"

मी हसले. आणि बघता बघता ते झाड भरलं. पलीकडे फांद्याच फांद्या, दाट, माशीच्या डोळ्याच्या बाजूला पसरलेल्या. आमच्या खोलीतली पहिली पूर्ण पेशी. सगळे भोवती जमले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खालानं साखर वाटली. त्या झाडाचं चित्र इथं संस्थेत पाठवलं गेलं, आणि पावसाळा सरताना निरोप आला की पाचांपैकी एकाला घेता येईल. जागा एकच. मॅडमनी माझं नाव घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी सलमानं पिशवी हातात दिली. दोन ड्रेस, माझ्या मापाचे. माप तिनं कधी घेतलं मला कळलंच नव्हतं. "तिकडं तुला फिटिंगचं कोण देणार?" म्हणाली. पैसे काढले तर हातावर चापट मारली.

एकटेपण काय असतं ते मला इथं आल्यावर कळलं असं नाही. पण घरचं एकटेपण आवाजात असतं, इथलं शांततेत. सकाळी दारावरचा रखवालदार ओळखपत्र बघतो. तीन वर्षं रोज बघतो, आणि मला तीन वर्षं रोज वाटतं की आज तो आत सोडणार नाही. कुठल्याही अर्जात शिक्षणाचा रकाना आला की माझी पाठ ताठ होते. शेजारच्या टेबलावर केरळची एक मुलगी बसते. परदेशात शिकून आलेली, मोठी पदवी. ती पाच वर्षं एकाच जातीच्या पेशींवर काम करते आहे. माशीला सावली पडल्याचं कळतं कसं, एवढाच तिचा प्रश्न. तिची नेमणूक दर वर्षी नवी करावी लागते. फेब्रुवारी आला की तिचं जेवण कमी होतं. एकदा डबा खाताना मला म्हणाली, "माझ्या आईला वाटतं मी माश्या मारते." मी म्हणाले, "माझ्या आईला वाटतं मी माश्या शिवते." आम्ही दोघी खूप हसलो. मग दोघीही आपापल्या पडद्याकडे वळलो, आणि दिवसभरात पुन्हा बोललो नाही. या कामात असंच आहे. जगभर कितीतरी माणसं हा एकच नकाशा करत आहेत, आणि प्रत्येक जण आपापल्या फांदीवर एकटा बसलेला आहे.

पण मी इथं आहे. महिन्याच्या महिन्याला पगार होतो, बाबांच्या हाताचं ऑपरेशन झालं, आईला आता पावसात बोर्लीला बसावं लागत नाही. हे सगळं त्या एका झाडामुळे. ज्या दिवशी फार जड वाटतं त्या दिवशी मी मॅडमच्या खोलीवरून उगाच एक चक्कर मारते. ते चित्र त्यांनी भिंतीवर लावलेलं आहे.

या जूनमध्ये ती घडी उलगडली. म्हणजे जुन्याच फोटोंवर नव्या पद्धतीनं काम करून दुमडलेला भाग बराचसा सपाट केला. आम्हाला सांगितलं, तिथले जुने जोड तपासून घ्या. मी सगळ्यांत आधी माझी पेशी उघडली. खरं तर मिरवायलाच उघडली. धागा घडीपर्यंत आला, आता काळ्याच्या जागी करडं होतं, त्यातून तो सरळ पलीकडे न जाता खाली वळला आणि दुसरीकडेच गेला. माझी ती दाट फांदी त्याची नव्हतीच. दुसऱ्याच कुणाची होती, आणि तिचं पुढचं टोक कापाच्या फाटक्या भागात हरवलेलं होतं.

इथं केलेल्या प्रत्येक जोडाची नोंद राहते. कुणी जोडलं, कधी जोडलं. माझं नाव तिथं आहे. मी गुपचूप सोडवलं असतं तर सोडवणारीचंही नाव माझंच पडलं असतं. कुणी बघायला गेलं नसतं. हजारो जोड रोज सुटतात. मी पडदा बंद केला आणि नऊ दिवस काही केलं नाही.

त्या नऊ दिवसांत मला मॅडमची भीती वाटली, रखवालदाराची वाटली, आणि सगळ्यांत जास्त सलमाच्या त्या प्रश्नचिन्हांची वाटली. ती बरोबर थांबली होती. तिची झाडं अर्धी राहिली म्हणून ती तिथं राहिली, आणि मी पुरी केली म्हणून इथं आले. ही खुर्ची कुणाची होती?

आईला फोनवर विचारलं, म्हटलं, चुकीची गाठ मागं राहून गेली तर?

"जाळ्याची चार घरं मागं जायचं नि सोडवायची," आई म्हणाली. "न्हायतर वढ लागली का तितूनच फाटतो. का गो? कुणाचा जाळा हाय?"

"माझाच."

"मंग लोकांना काय विचारतेस?"

दहाव्या दिवशी मॅडमच्या दारात उभी राहिले.

"मॅडम, माझा एक जोड चुकलाय."

"अगं, रोज चुकतात. कुठला?"

मी पेशीचा नंबर सांगितला. त्यांनी संगणकाकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं.

"कधी कळलं?"

"नऊ दिवस झाले. जागा जाईल असं वाटलं."

"जागा कुठं जात नाही. तीन वर्षं तुझं काम मी बघते आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "पण त्या वर्षी मी या चित्रावरून निवड केली. सलमाच्या खुणा बघितल्या, आणि अपुरं काम म्हणून बाजूला ठेवल्या. नियम मीच घालून दिला होता ना."

"जोड मी केला, मॅडम."

"जोड तुझा. निवड माझी. तुझं तू सोडव, माझं मी बघते. सलमाशी मी बोलेन. काय देता येईल, अजून माहीत नाही मला."

त्यांनी उठून चित्र खाली उतरवलं आणि भिंतीला टेकवून, पाठ आमच्याकडे करून ठेवलं.

मी टेबलाशी आले. पेशी उघडली, घडीपाशी गेले, सोडवलं. एका क्षणात अर्धं झाड राखाडी झालं आणि नुसतं तरंगत राहिलं. ज्या तुकड्याचं झाड सापडलेलं नाही त्याला इथं अनाथ म्हणतात. कामातला रोजचा शब्द आहे, दिवसातून दहादा कानावर पडतो. मला तो त्या दिवशी टाइप करवला नाही. शेऱ्याच्या जागी मी लिहिलं: चुकीचा जोड. मीच केला होता. तुकडा कुणाचा ते शोधायचं आहे. आणि नाव. केरळची मुलगी वाकून बघत होती. तिला मराठी वाचता येत नाही. तिनं काही न विचारता तिच्या डब्यातलं केळं माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलं.

सलमाला मॅडमच्या आधी मी सांगायला हवं होतं. रविवारी दुपारी फोन लावला. मागं शिलाई मशीनचा खडखडाट.

"बोल गो, बंगळूरवाली. आज कशी वाट चुकलीस?"

मी एका दमात सगळं सांगितलं. मध्येच कुठंतरी मशीन थांबलं.

"म्हंजे तू काळ्यात जोडलंस."

"हो."

"आणि मी बोलले होते, नको जोडूस."

"हो."

"आणि वर मी तुला दोन ड्रेस शिवून दिले."

ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते.

"बसतात काय अजून अंगाला?"

"थोडे सैल होतात."

"खात न्हायस तू."

"मॅडम तुला फोन करणार आहेत, सलमा."

"करू देत. शाळा सुरू झाल्यात, माझ्यापुढं गणवेशांचा ढीग पडलाय. मला आत्ता कुणाशी बोलायला वेळ न्हाय."

"मला माफ…"

"ते नको बोलू. मला अजून राग यायचाय. तो येऊ दे आधी. आला का मी स्वतः फोन करीन."

"बरं."

मग तिनं मशीन सुरू केलं. एक लांब शिवण झाली, दोरा तोडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा सुरू झालं. फोन तिनं ठेवलेला नव्हता. मी कानाला धरून बसून राहिले.